अंतराळातली अंतरं वाचून कळतात पण जाणवत नाहीत, तुम्हाला कधी जाणवली का?

सहजच_विचारलं

गेले काही महिने मला अंतराळाचं वेड लागलंय, रोज झोपायच्या आधी काहीतरी वाचल्याशिवाय चैन पडत नाही. मित्राच्या दुर्बिणीतून शनी बघितला तिथून सुरू झालं हे सगळं. इवलासा दिसतो, पण कडं अगदी स्पष्ट, आणि पहिल्यांदाच असं वाटलं की अरे हे खरंच तिथे आहे, कुणी काढलेलं चित्र नाहीये.

मग वाचायला घेतलं तर जिथे तिथे नुसते आकडे. सूर्य १५ कोटी किमी, नेपच्यून ४५० कोटी किमी, सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा ४० लाख कोटी किमी. आता १५ कोटी काय नि ४५० कोटी काय, माझं डोकं दोन्ही ठिकाणी "खूप लांब" एवढंच म्हणतं आणि पुढे जातं. त्यात पुस्तकातल्या चित्रांत सगळे ग्रह एका ओळीत एकमेकांना खेटून काढलेले असतात त्यामुळे लहानपणापासून मनात तेच बसलंय.

तर प्रश्न असा की ज्यांना या विषयाची आवड आहे त्यांना हे अंतर कधी आतून जाणवलं का? आणि कशामुळे? आकडे पाठ करायचे नाहीयेत मला, ते जाणवायला पाहिजेत.

फळा_खडू

मी शाळेत शिकवतो, मुलांना हाच प्रश्न पडतो म्हणून आम्ही दरवर्षी एक खेळ करतो. माप फार सोपं आहे, १ सेंटीमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. एवढं एकच लक्षात ठेवा, बाकी सगळं आपोआप येतं.

या मापात सूर्य १४ सेंटीमीटरचा चेंडू होतो. तो एका सरळ मोकळ्या रस्त्याच्या टोकाला स्टुलावर ठेवायचा आणि चालायला लागायचं. बुध ६ मीटरवर, शुक्र ११ मीटरवर, पृथ्वी १५ मीटरवर. पृथ्वीसाठी आम्ही काहीच वस्तू वापरत नाही कारण ती सव्वा मिलिमीटरची येते, म्हणून कार्डावर बॉलपेनने ठिपका काढतो. त्याच कार्डावर पावणेचार सेंटीमीटर सोडून चंद्राचा ठिपका, तो इतका बारीक की पेनाचं टोक नुसतं टेकवायचं. मुलं उकिडवी बसून बघतात आणि मग मी सांगतो की माणूस स्वतः आजवर जास्तीत जास्त गेलाय तो या एका ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत, साधारण चार सेंटीमीटर. अवकाश स्थानक तर कार्डावर दाखवताच येत नाही, ते ठिपक्याला चिकटलेलंच असतं.

पुढे मंगळ २३ मीटरवर, आणि मग मुलांना वाटतं आता येईलच गुरू, तर गुरू थेट ७८ मीटरवर. शनी १४३. युरेनस २८७. नेपच्यून ४५०. तिथे पोचेपर्यंत मुलं कंटाळलेली असतात आणि मला ते हवंच असतं, कारण अंतराळात बहुतेक काय आहे तर हे मधलं काहीच-नसणं. पाऊण किलोमीटरही नाही चाललो आपण, पण त्या सगळ्या रस्त्यावर चेंडू सोडला तर सगळ्यात मोठी गोष्ट दीड सेंटीमीटरसुद्धा भरत नाही, तो गुरू.

आता खरी गंमत. पृथ्वीच्या कार्डापाशी उभं राहून चेंडूकडे बघितलं की तो बरोबर आकाशातल्या सूर्याएवढाच दिसतो. आकार आणि अंतर एकाच प्रमाणात लहान केलंय त्यामुळे तसंच व्हायला पाहिजे, पण डोळ्याने बघितल्यावर मुलं ओरडतात अक्षरशः. आणि नेपच्यूनच्या कार्डापासून बघितलं तर तो चेंडू आहे की नाही तेच नीट कळत नाही, एक ठिपका. नेपच्यूनवरून सूर्य खरोखर एवढाच दिसेल.

अजून एक, या मापात प्रकाश सेकंदाला ३ सेंटीमीटर जातो. म्हणजे मुंगीची चाल. विश्वातली सगळ्यात वेगवान गोष्ट, आणि आपल्या रस्त्यावर ती मुंगी होते! चेंडूपासून निघालेल्या मुंगीला पृथ्वीच्या ठिपक्यापर्यंत यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, नेपच्यूनला पोचायला चार तासांच्या वर. आणि पुढचा चेंडू, म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी हा तारा, कुठे ठेवायचा माहितीये? ४००० किलोमीटरवर. मधे दुसरा कुठलाही तारा नाही.

रेडिओवेडी

वरचं फारच सुंदर, मी हे करून बघणारच आहे. मला मात्र हे जाणवलं ते वाट बघण्यामुळे.

न्यू होरायझन्स यान जानेवारी २००६ मध्ये निघालं. निघून नऊ तासांत त्याने चंद्राची कक्षा ओलांडली, अपोलोच्या लोकांना तिथे जायला तीन दिवस लागायचे. वर्षभरानंतर गुरूपाशी. इथवर वाटतं काय जबरदस्त वेग आहे, आणि मग प्लुटोपर्यंत पोचायला जुलै २०१५ उजाडलं. साडेनऊ वर्षं. ज्या दिवशी ते प्लुटोजवळून गेलं त्या दिवशी ते पृथ्वीशी बोलतच नव्हतं, कारण त्याची अँटेना यानालाच घट्ट बसवलेली, कॅमेरे प्लुटोकडे वळवायचे तर अँटेना पृथ्वीकडे राहणार नाही. आधी काम, मग फोन. "मी ठीक आहे" एवढा निरोप निघाला तो साडेचार तासांनी इथे पोचला. आणि त्या एका भेटीत गोळा केलेली सगळी माहिती पाठवायला त्याला सव्वा वर्ष लागलं, ऑक्टोबर २०१६ पर्यंत, कारण एवढ्या लांबून सेकंदाला एक-दोन किलोबिटच येतात. मी तेव्हा नवीन फोटो आला का हे सारखं बघायचे, आणि एक दिवस डोक्यात आलं की हा उशीर म्हणजेच अंतर आहे. त्यानंतर मला किलोमीटर लागले नाहीत.

व्हॉयेजर १ चं तर काय सांगू. १९७७ मध्ये निघालेलं यान, २०१२ मध्ये सूर्याच्या वाऱ्याच्या हद्दीबाहेर गेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते काहीतरी असंबद्ध पाठवायला लागलं. सिग्नल येतोय, पण त्यात अर्थ नाही. इंजिनिअर लोकांनी महिनोन्महिने शोधून काढलं की त्याच्या एका कॉम्प्युटरची मेमरी चिप खराब झालीये, साधारण ३ टक्के मेमरी गेली. आता २४०० कोटी किलोमीटरवर चिप बदलणार कोण? मग त्यांनी त्या चिपमधला कोड तुकडे करून उरलेल्या मेमरीत जिथे जागा सापडेल तिथे बसवला. १८ एप्रिल २०२४ ला आज्ञा पाठवली, ती पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. २० तारखेला उत्तर आलं आणि ते वाचता येत होतं. मी त्या बातमीवर रडले होते, खरंच सांगते.

फळा_खडू यांच्या रस्त्यावर ते यान आता अडीच किलोमीटरवर असेल. इतक्या वर्षांत. आणि तेही सेकंदाला १७ किलोमीटर वेगाने.

सहजच, तुम्ही बघितलेला शनीसुद्धा तासाभराहून जास्त जुना होता बरं का.

रात्रपाळी

दोन्ही उत्तरं भारी आहेत. मी नुसत्या डोळ्यांनी आकाश बघणारा माणूस, दुर्बीण क्वचितच काढतो, त्यामुळे माझा मार्ग वेगळा.

तुमच्या वयाचा तारा शोधा. म्हणजे असा तारा की ज्याचा आज दिसणारा प्रकाश तुम्ही जन्मलात त्या सुमाराला निघाला. व्याध साडेआठ प्रकाशवर्षांवर आहे (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात जेवढा जातो तेवढं अंतर), प्रश्वा साडेअकरा, श्रवण १७, अभिजित २५, स्वाती ३७, ब्रह्महृदय ४३, रोहिणी साधारण ६५, मघा ७९. लहान मुलं असोत की आजी-आजोबा, जवळपास प्रत्येकाला काहीतरी मिळतं. माझ्या आईला पासष्टावं लागलं तेव्हा तिला रोहिणी दाखवली, तो लालसर नारिंगी तारा, आणि सांगितलं की हा उजेड तुझ्या जन्माच्या वेळी निघालाय, तेव्हापासून सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतोय, मधे कुठेही थांबला नाही आणि आत्ता तुझ्या डोळ्यात शिरला. ती बराच वेळ बघत बसली आणि मग म्हणाली, आणि हा जवळचा म्हणायचा? हो, जवळचाच. कृत्तिका सव्वाचारशे-साडेचारशे प्रकाशवर्षांवर, मृगातला राजन्य आठशेच्या पुढे, आणि हे सगळे आपल्या शेजारपाजारचेच, कारण आकाशगंगाच एक लाख प्रकाशवर्षं पसरलेली आहे आणि तिच्यात निदान दहा हजार कोटी तारे आहेत.

एक गैरसमज मात्र सगळीकडे फिरत असतो तो इथे येऊ नये म्हणून आधीच सांगतो, "आकाशातले बरेचसे तारे मेलेले असतात, आपण फक्त त्यांचा जुना प्रकाश बघतो." असं नाहीये. नुसत्या डोळ्यांनी दिसणारे तारे बहुतेक करून काही हजार प्रकाशवर्षांच्या आतले आहेत आणि ताऱ्याचं आयुष्य लाखो-कोट्यवधी वर्षांचं असतं, त्यामुळे आज रात्री दिसणारे जवळपास सगळे तारे आत्ताही आहेत. मृगातला काक्षी (बीटलजूस) हा तारा म्हातारा झालाय हे खरं, पण त्याचा स्फोट व्हायला अजून एक लाख वर्षंही लागू शकतात. मला तर उलट हे जास्त छान वाटतं की ते आहेत.

पुरावा_द्या

प्रामाणिकपणे विचारतोय, वाद घालायचा नाही. ४ प्रकाशवर्षं, ६५ प्रकाशवर्षं, हे सगळं मोजलं कुणी आणि कसं? तिथे तर कुणी गेलेलं नाही. मला अंतर जाणवण्याच्या आधी ते पटायला पाहिजे.

अंश_कला_विकला

एकदम रास्त प्रश्न, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात थरारक भाग हाच आहे, थोडं लांबणार आहे.

सतराव्या शतकात केप्लरच्या नियमांमुळे ग्रहांच्या अंतरांचं प्रमाण कळलं होतं. म्हणजे गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या पाचपट लांब वगैरे. पण पाचपट म्हणजे किती किलोमीटर? नकाशा तयार, स्केल गायब अशी अवस्था. एक जरी अंतर खरोखर मोजता आलं तर सगळी सुटणार होती. त्यासाठी शुक्र सूर्याच्या तबकडीवरून सरकताना पृथ्वीच्या वेगवेगळ्या टोकांवरून बघायचा आणि वेळेतला फरक मोजायचा असं ठरलं. हे अधिक्रमण होतं १७६१ मध्ये आणि नंतर १७६९ मध्ये, पुढचं थेट १८७४. त्यामुळे जगभर माणसं पाठवली, कॅप्टन कुक ताहितीला गेला तो यासाठीच.

त्यात एक फ्रेंच होता, ल जाँतीय. तो १७६१ च्या अधिक्रमणासाठी पुदुच्चेरीला यायला निघाला, पोचतो तोवर ते ब्रिटिशांच्या ताब्यात गेलेलं. उतरता आलं नाही, अधिक्रमण झालं तेव्हा तो समुद्रात, हलत्या जहाजावर, काही मोजता येईना. गडी परत गेला नाही. आठ वर्षं याच भागात थांबला, पुदुच्चेरी पुन्हा फ्रेंचांकडे आल्यावर तिथे वेधशाळा उभी केली, आणि १७६९ च्या त्या सकाळी ऐन वेळेला ढग आले. घरी पोचला तर त्याला मृत समजून अकादमीतली त्याची जागा दुसऱ्याला दिलेली. मला ही गोष्ट आठवली की १५ कोटी हा आकडा नुसता आकडा वाटतच नाही, अशा कितीतरी माणसांच्या आयुष्याची वर्षं गेलीत त्यात. बाकीच्यांची निरीक्षणं जुळवून जे उत्तर आलं ते आजच्या आकड्याच्या अगदी जवळचं होतं, आणि १९६१ मध्ये शुक्रावर रडार लहरी आपटवून ते पक्कं झालं.

आता तारे. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या एका बाजूला असते, जुलैत दुसऱ्या, दोन जागांत ३० कोटी किलोमीटरचा फरक. त्यामुळे जवळचा तारा मागच्या लांबच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसायला पाहिजे. याला पॅरॅलॅक्स म्हणतात. किंचित म्हणजे किती, तर एका अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला, आणि हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचं सरकणं बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने १८३८ मध्ये मोजलं ते विकलेच्या दोन-तृतीयांशापेक्षाही कमी. वरच्या रस्त्याच्या मापात बघा, तुम्हाला फक्त ३० मीटर इकडून तिकडे जायला परवानगी आहे आणि तेवढ्यावर १०,८०० किलोमीटर लांबच्या चेंडूचं अंतर सांगायचंय. १८३८ मध्ये, डोळा दुर्बिणीला लावून. गाया या यानाने तर २०१४ पासून दहा-अकरा वर्षांत जवळजवळ २०० कोटी ताऱ्यांच्या जागा याच पद्धतीने टिपल्या.

त्याहून लांब गेलं की ताऱ्याचं सरकणं दिसेनासं होतं. तिथे हेन्रिएटा लेव्हिट यांचं काम येतं. १९१२ मध्ये त्यांनी दाखवलं की सेफीड प्रकारच्या ताऱ्यांचं तेज जितकं सावकाश कमी-जास्त होतं तितके ते मुळात तेजस्वी असतात. म्हणजे चढउताराचा काळ मोजा, खरं तेज कळतं, दिसणाऱ्या तेजाशी ताडून बघा, अंतर मिळतं. १९२३ मध्ये हबल या खगोलशास्त्रज्ञाला देवयानी दीर्घिकेत (दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा प्रचंड समूह) असा एक तारा सापडला आणि ती आकाशगंगेच्या बाहेर आहे हे कळलं. त्याने काढलेलं अंतर नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होतं. पुढे १९५२ मध्ये वॉल्टर बाडेने दाखवलं की सेफीड दोन प्रकारचे असतात, आणि अंतर एकदम दुपटीने वाढलं. आज ते २५ लाख प्रकाशवर्षं धरतात. एकेक पायरी मागच्या पायरीवर उभी, आणि प्रत्येक पायरी कुणीतरी परत परत तपासलेली.

पुरावा_द्या

धन्यवाद, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. नकाशा तयार, स्केल गायब, हे वाचल्यावर सगळं जागेवर आलं.

सहजच_विचारलं

कुणाचे किती आभार मानू. मी कालपासून सगळं दोन-तीनदा वाचलंय. माझ्या वयाला स्वाती जवळचा पडतोय, आता तो माझा.

अजून दोन विचारायच्यात. एक, सगळे ग्रह पृथ्वी आणि चंद्राच्या मधल्या जागेत बसतात असं वाचलं, हे खरं आहे का? गुरू-शनीसकट? मला पटतच नाही. आणि दुसरं, ती देवयानी नुसत्या डोळ्यांनी दिसते म्हणे, कुठे बघायची?

फळा_खडू

पहिल्याचं मी सांगतो. बसतात, पण अगदी घासून. प्रत्येक ग्रहाची विषुववृत्तावरची रुंदी धरून बेरीज केली तर साधारण ३ लाख ८८ हजार किलोमीटर येते, आणि चंद्राचं सरासरी अंतर ३ लाख ८४ हजार, तेही केंद्रापासून केंद्रापर्यंत. म्हणजे तसे नाही बसत. पण गुरू आणि शनी इतक्या वेगाने फिरतात की ते मधे फुगलेत आणि ध्रुवांकडे चपटे झालेत, त्यांना ध्रुवाच्या बाजूने ओळीत लावलं तर बेरीज ३ लाख ६७ हजारांवर येते आणि मग आरामात बसतात. किंवा चंद्र त्याच्या कक्षेत लांबच्या टोकाला, चार लाखांच्या पुढे असेल तेव्हा कसेही लावा, बसतात. आपल्या रस्त्यावर हे सगळं त्या कार्डावरच्या पावणेचार सेंटीमीटरात.

आणि देवयानीचं निघालंच आहे तर तेही त्याच मापात सांगून टाकतो. आकाशगंगाच साडेनऊ कोटी किलोमीटर रुंद होते, आणि देवयानी जाते जवळजवळ २४० कोटी किलोमीटरवर, खऱ्याखुऱ्या शनीच्याही पलीकडे. सगळं हजार कोटी पटीने लहान करूनसुद्धा. इथे माझा रस्ता संपतो, मुलांना मी हे सांगतो पण दाखवू शकत नाही.

रात्रपाळी

दुसऱ्याचं माझ्याकडे. ऑक्टोबर ते डिसेंबर, अमावास्येच्या आसपासचे दिवस, शहराच्या दिव्यांपासून लांब. संध्याकाळी उत्तरेकडे इंग्रजी एम किंवा डब्ल्यूसारखी शर्मिष्ठा दिसते, तिच्या दोन टोकांपैकी जे जास्त अणकुचीदार आहे ते बाणासारखं देवयानीकडे दाखवतं. दुसरी खूण महाश्वाचा मोठा चौकोन, त्याच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यातल्या ताऱ्यापासून देवयानीच्या ओळीत दोन तारे पुढे जायचं आणि तिथून शर्मिष्ठेच्या बाजूला वळून दोन अंधुक तारे चढायचं, त्या वरच्या ताऱ्याच्या शेजारी एक धुरकट डाग आहे, तीच. थेट बघितलं तर दिसत नाही कधी कधी, जरा बाजूला नजर ठेवायची म्हणजे उमटते. फोटोतल्यासारखे रंग नि सर्पिल हात अजिबात अपेक्षित धरू नका, आपल्याला दिसतो तो फक्त मधला तेजस्वी भाग, पूर्ण दीर्घिका दिसली असती तर सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवले एवढी रुंद भरली असती. साधी बायनॉक्युलर असेल तर घेऊन जा, फरक पडतो. आणि मोबाईल अर्धा तास आधीच खिशात टाका, स्क्रीनकडे एकदा बघितलं की डोळ्यांना अंधाराची सवय परत पहिल्यापासून लावावी लागते.